घराच्या कागदावर बाईचं नाव

रिद्धपूरच्या बचत गटांकडून आज घराच्या कागदाबद्दल बोलतो आहोत.

महदाइसेनं धवळे रचले ते आपल्या रिद्धपुरात. तेराव्या शतकातल्या त्या विधवा बाईचं नाव आजही घेतलं जातं. आपल्या गटातल्या घरांचे कागद पाहिले, तर बाईचं नाव बहुतेक ठिकाणी नवरा गेल्यावरच चढलेलं दिसतं. आणि सवलत मिळते ती कागदावरच्या नावाला, राबणाऱ्या हाताला नाही.

डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नानं 1937 साली कायदा झाला. हिंदू विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क मिळाला, पण हयातीपुरता. मनाला आलं म्हणून विकता येत नव्हतं. त्यात शेती हा प्रांतांचा विषय, म्हणून हा कायदा शेतजमिनीला लागू नाही, असं 1941 मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं. शेतीच वगळली तर आपल्या मुलखात बाईच्या हाती राहिलं काय? मध्य प्रांत व वऱ्हाडनं मात्र 1942 मध्येच वेगळा कायदा करून शेतजमीन त्यात आणली. मुंबई प्रांताला त्यासाठी 1947 उजाडलं. वऱ्हाडाला मागास म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा!

1956 च्या वारसा कायद्यानं हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. पण त्यात एक मेख होती. बापाच्या राहत्या घरात मुलीचा हिस्सा आहे, मात्र भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिनं ती मागायची नाही. लग्न झालेली आणि नांदणारी असेल, तर तिथं राहायचाही हक्क नाही. म्हणजे हिस्सा होता, पण भावाच्या मर्जीवर. ही अट 2005 मध्ये गेली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीनं हिस्सेदार झाली. महाराष्ट्रानं हे 1994 मध्येच केलं होतं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं झालं. मुस्लिम बहिणींचे वारसा नियम वेगळे आहेत.

बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'त दिली. पुढं 1992 मध्ये सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यात बायकोचं नाव लावायची सोय केली. अर्ज नवऱ्याचा, हे विसरू नका. गावातलं घर दोघांच्या नावे लावायचा निर्णय 2003 चा.

आता सवलती. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात बाईनं राहतं घर विकत घेतलं, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. पण खरेदीत फक्त बायांचीच नावं हवीत. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सूट गेली. शेतीला किंवा मोकळ्या प्लॉटला ती नाही. सुरुवातीला तर 15 वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, अशीही अट होती. मालकीण बाई, आणि गिऱ्हाईक कोण ते सरकार ठरवणार! 2023 मध्ये ती अट काढली.

आपल्याकडं नवं घर घेणाऱ्या बाया थोड्या. आपल्याला जास्त कामाची सवलत बक्षीसपत्राची आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी, ती दुय्यम निबंधकाकडं विचारून घ्या. सासरा जिवंतपणी विधवा सुनेच्या नावे घर करून देऊ शकतो, हे अनेकींना माहीत नसतं.

हक्कसोडपत्र मात्र सहीआधी वाचून घ्या. सोडला तर स्वतःच्या मनानं सोडा, राखीच्या दिवशी भावानं कागद पुढं केला म्हणून नको.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा कागद आहे. तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही, पण नाव कोणाचं लागलंय ते त्यातून कळतं. पुढच्या बैठकीला येताना त्याचा उतारा आणा, सगळ्यांचे एकत्र बसून वाचू.