१७. नागावरचा पाठ
नागावरचा पाठ म्हणजे सर्पबंध, अर्थात नागाच्या वेटोळ्यांत वर्ण व प्रत्यय कोरलेला शिलालेख. असे लेख उज्जैनच्या महाकाळ मंदिरात, धारच्या भोजशाळेत आणि निमाडातील ऊन गावी आहेत. उज्जैनच्या लेखात परमार राजा उदयादित्याचे (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध) नाव येते. धारच्या एका सर्पबंधात संस्कृत क्रियापदांचे दहाही काळ-अर्थांचे प्रत्यय आहेत. तीन पुरुष, तीन वचने, परस्मैपद व आत्मनेपद मिळून प्रत्येकाचे १८, एकूण १८०. उदाहरणार्थ, ‘पठ्’ धातूची पठति, अपठत्, पठिष्यति ही काळांची रूपे. पठतु आज्ञार्थ, पठेत् विध्यर्थ. एवढा पसारा एका दृष्टिक्षेपात आणणारी ही मांडणी अस्सल शिक्षकाची आहे.