वांगणीतले दरोडेखोर

आमच्या आजीचं माहेर वांगणीच्या बाजूचं. तिथे ढाल-तलवारी घेतलेली माणसं एकदा देवळात उतरली, गाव घाबरलं आणि पाटलाने फौजदाराला बोलावणं धाडलं, ही गोष्ट तिने आपल्या वडिलांकडून ऐकलेली. दर खेपेला दरोडेखोर वाढायचे, तलवारी लांब व्हायच्या. गाभा मात्र खरा होता. ती मंडळी दादासाहेब फाळक्यांची. ‘राजा हरिश्चंद्र’च्या बाह्यचित्रणासाठी पुढे आलेली. दादासाहेब मागाहून यायचे होते.

आम्ही सिनेमा काढतोय, असं मंडळी परोपरीने सांगत राहिली. कुणाला पटणार? सगळ्यांना अटक झाली. दादासाहेब पोहोचले तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याची पेटी उघडली आणि आत फिल्म न घालताच फौजदाराला चित्रीकरण करून दाखवलं. मग सुटका झाली.

आजी इथे पोट धरून हसायची. मला फौजदाराला हसावंसं कधी वाटलं नाही. १९१२ सालात नवखं नव्हतं कोण? खुद्द फाळके त्याच वर्षी लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले होते आणि चित्रपटाला भांडवल मिळावं म्हणून वाटाण्याचं रोप वाढताना त्यांनी टिपलं होतं. कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग त्यांच्याच हाताखाली शिकलेले. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना पंधरा रुपये पगारावर आणलं. बाईची कामं करणारे पुरुष मिश्या काढायला राजी होईनात. बाप जिवंत असताना मिशी कशी उतरवायची? सिनेमात काम करतो म्हणायचीही चोरी. कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा, असं दादासाहेबांनीच शिकवून ठेवलं होतं.

रोहिदास झालेला त्यांचा मुलगा भालचंद्र चित्रीकरणाच्या काळात दगडावर पडला, डोकं फुटलं, शुद्ध हरपली. त्याच अवस्थेत त्याला चितेवर निजवून बापाने प्रसंग पुरा केला, असं सांगतात. या हट्टाचं कौतुक करणं मला आजही जमत नाही.

सरस्वतीबाई फाळक्यांविषयी मात्र आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं; त्या मला पुढे पुस्तकांत भेटल्या. दागिने गहाण पडले ते त्यांचे. साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक त्या करत, उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडायला पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडत. सहा महिने सत्तावीस दिवस हे चाललं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ३,७०० फुटांचा हा चित्रपट लागला, त्यात या बाईच्या हातची मेहनत फुटाफुटाला होती.