मुखाचा सबम्यूकस फायब्रोसिस : विदर्भातील रोग आणि संशोधन

मुखाचा सबम्यूकस फायब्रोसिस हा सुपारी चघळण्यातून जडणारा, गाल, ओठ, टाळू व घशाच्या सुरुवातीच्या भागातील अस्तर कडक करणारा दीर्घकालीन रोग आहे. अस्तराखाली तंतू साचत जातात, त्यांचे पट्टे बनतात आणि तोंड उघडेनासे होते. पुढे याच जागी कर्करोग होण्याचा धोका असल्याने त्याची गणना कर्करोगपूर्व विकारांत होते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्यांच्या गावांत, जिथे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुन्याचा खर्रा सहज मिळतो, हा रोग ओळखीचा आहे. नागपूर, वर्धा व मुंबई येथील दंत आणि वैद्यकीय संस्थांनी त्यावर महत्त्वाचे काम केले आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेतील ‘विदारी’ या मुखरोगाशी त्याचे साम्य काही अभ्यासकांनी दाखवले आहे. आधुनिक वैद्यकात श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांत त्याचे वर्णन केले. १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशालगतच्या भागातील या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटले. १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणांवरून रोगाची जी व्याख्या केली, ती आजही आधारभूत मानतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली खेड्यापाड्यांत जाऊन तोंडे तपासण्याची पद्धत रुजवली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची अशी पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात याच गटाने ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले, त्यांतील ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला.

कारणे : मुख्य कारण सुपारी आहे. तंबाखू नसलेली सुपारीही हा रोग घडवते, हे वाचकाने पक्के लक्षात ठेवावे, कारण ‘साधी सुपारी’ निरुपद्रवी असल्याचा समज अजून घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. टॅनिन तंतूंना टिकाऊ बनवते, तर सुपारीतील तांबे तंतूंना एकमेकांत गुंफणाऱ्या विकराचे काम वाढवते. एकीकडे तंतूंची निर्मिती वाढते, दुसरीकडे त्यांची झीज थांबते. म्हणून एकदा साचलेले तंतू सहसा विरत नाहीत. चुना आणि तंबाखू मिसळल्यावर अस्तराला होणारी इजा वाढते.

खर्रा : विदर्भात बारीक केलेली सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या पन्नीवर एकत्र घोटून खर्रा तयार करतात. कारखान्यातील गुटख्याच्या पुडीसारखे त्यावर नाव, घटक किंवा इशारा नसतो. कापूस वेचणे, निंदण किंवा बांधकाम अशा कामांत भूक आणि थकवा मारण्यासाठी तो चघळला जातो. एकाच पुडीतून अनेकजण घेतात, त्यामुळे देणेघेणे हा स्नेहाचा भाग बनतो आणि सवय लवकर लागते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६९) अभ्यासकांनी वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण किशोरांमध्ये तंबाखूसेवनाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही खर्रा ठळकपणे दिसतो. प्रौढांच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले.

लक्षणे व निदान : आरंभी तिखट खाताना जळजळ होते, तोंड कोरडे पडते, कधी फोड येतात. पुढे गाल आतून पांढरट व ताठ होतात, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ बाहेर काढणे अवघड जाते, लहानजीभ आक्रसते, कानात दडा बसतो. निरोगी प्रौढाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनच मावू लागली की दंतवैद्याकडे जावे. या तपासणीला यंत्र लागत नाही; आशा सेविका किंवा शाळेतला शिक्षकही ती करवून घेऊ शकतो.

नागपूर : शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय, नागपूर (स्थापना १९६८) येथील विनय हजारे व सहकाऱ्यांनी मध्य भारतातील १,००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या तुलनेत पुरुष रुग्णांचे प्रमाण ४.९ पट होते आणि पुरुषांत तिशीच्या आत रोग जडण्याचे प्रमाण लक्षणीय होते. गुटखा आणि खर्रा यांच्याशी पुरुषांतील रोगाचा संबंध स्पष्ट दिसला. तोंडाचा हा विकार कमावत्या तरुणांपर्यंत पोहोचल्याचा हा पुरावा होता.

सावंगी (मेघे) : वर्ध्याजवळ जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९९०), शरद पवार दंत महाविद्यालय (१९९१) आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय एकाच परिसरात आहेत, २००५ मध्ये त्यांच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या रोगात अशी जवळीक उपयोगी पडते. तोंड न उघडणाऱ्या रुग्णाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असते, म्हणून शल्यचिकित्सकाइतकाच भूलतज्ज्ञ महत्त्वाचा ठरतो. येथील राजीव बोरले यांनी १९९१ मध्ये शस्त्रक्रियेविना उपचारांवर आणि २००९ मध्ये सहकाऱ्यांसह ४७ रुग्णांवरील शस्त्रक्रियेवर लेखन केले. या शस्त्रक्रियेत गालातले ताठ पट्टे कापून त्या जागी नाकाशेजारील त्वचेचा पट्टा वळवून बसवतात.

उपचार : सुपारी कायमची सोडणे हा पहिला उपचार; त्याविना कोणताही दुसरा टिकत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत लोह व जीवनसत्त्वे, लायकोपीन, स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शने दिली जातात. हळदीतील कर्क्युमिनवरही प्रयोग झाले आहेत. जळजळ कमी होते, तोंड थोडे अधिक उघडते. मात्र रोग मुळापासून घालवणारे औषध उपलब्ध नाही. शस्त्रक्रियेनंतर दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक रचून महिनोन्‌महिने व्यायाम करावा लागतो. तो सोडला की तोंड पुन्हा आखडते.

प्रतिबंध : महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा व पानमसाल्यावर बंदी आहे; २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू व सुपारीही तिच्या कक्षेत आली. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ही दारू व तंबाखू नियंत्रणाची मोहीम गावपातळीवर चालते. खर्रा हातावर तयार होत असल्याने केवळ कारखान्यांवरील कारवाई पुरत नाही.

दारव्हा परिसर : दारव्ह्यापासून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ४० किमी. अंतरावर आहे. तेथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९८९) आहे. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मात्र नागपूर गाठावे लागते. मजुरी बुडवून एवढा प्रवास करणारा रुग्ण बहुधा घास जाईनासा झाल्यावरच निघतो, तर औषधाचा उपयोग त्याआधीच्या अवस्थेत होतो. संशोधनाने कारण, धोका आणि ओळखण्याची खूण या तिन्ही गोष्टी सिद्ध केल्या आहेत. त्या पानठेल्यासमोर उभ्या असलेल्या मुलापर्यंत वेळेवर पोहोचल्या, तर त्याचे तोंड वाचते.