कॉर्नरला उभा राहिलेला मुलगा: चार्ल्स वुडसनची कॉलेजमधली तीन वर्षं

आजचा भाग अमेरिकन फुटबॉलचा आहे. म्हणजे हेल्मेटवालं, अंड्यासारखा बॉल असलेलं फुटबॉल. ज्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही थांबा, कारण नियम लागतील तेवढेच सांगणार आहे. गोष्ट एका खेळाडूच्या कॉलेजच्या दिवसांची आहे, प्रोफेशनल लीगमध्ये जाण्याआधीची.

आधी कॉर्नरबॅक म्हणजे कोण ते बघू. आपल्याकडे कबड्डीत लेफ्ट कॉर्नर, राइट कॉर्नर असतात ना, टोकाला उभे राहणारे बचावपटू? नावातलं साम्य तेवढंच, पण जागेचा अंदाज येतो. फुटबॉलमध्ये समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक बॉल फेकणार असतो आणि मैदानाच्या दोन्ही कडांनी त्याचे रिसीव्हर पळत सुटतात. त्या रिसीव्हरच्या अंगाला चिकटून राहणं हे कॉर्नरबॅकचं काम. रिसीव्हरला आधीच माहीत असतं की तो कुठे वळणार आहे. कॉर्नरबॅकला ते माहीत नसतं, आणि बऱ्याचदा तो पहिली काही पावलं उलटा, पाठीमागे पळत असतो. एक पाऊल चुकलं की समोरचा सरळ टचडाउन करतो आणि लाखभर लोकांना कळतं की चूक कोणाची होती.

आणि त्याने काम चोख केलं तर? तर काहीच होत नाही. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला बघतो, रिसीव्हर मोकळा नाही हे ओळखतो आणि बॉल दुसरीकडे फेकतो. स्कोअरकार्डवर त्याची नोंदच नाही. (आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षभर सर्व्हर पडला नाही म्हणून कोणी पेढे वाटत नाही, तसंच.) हे लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीतली खरी अडचण हीच आहे. जे घडलंच नाही त्याचं बक्षीस कसं द्यायचं?

चार्ल्स वुडसनचा जन्म ७ ऑक्टोबर १९७६ चा, ओहायो राज्यातल्या फ्रीमाँटमधला. छोटं औद्योगिक गाव, हाइन्झच्या केचपच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं. हा मुलगा जन्मला तोच पावलं आत वळलेली घेऊन, ज्याला क्लबफूट म्हणतात. चार वर्षांचा होईपर्यंत पायांना आधार आणि खास बूट. आई जॉर्जियाने वाढवलं. पुढे ज्या पायांच्या जोरावर नाव झालं त्यांची सुरुवात अशी होती. यावर सिनेमातल्यासारखं संगीत वाजवण्याचा मोह होतो, पण तो आवरतो.

शाळेत, म्हणजे फ्रीमाँट रॉस हायस्कूलमध्ये, तो मुख्यतः रनिंग बॅक होता. बॉल घेऊन पळणारा. शेवटच्या वर्षात २,०२८ यार्ड आणि २३० गुण, आणि शाळेतल्या सगळ्या वर्षांचे मिळून ३,८६१ यार्ड आणि ४६६ गुण. दोन्ही शाळेचे विक्रम. १९९४ मध्ये त्याला ओहायोचा 'मिस्टर फुटबॉल' निवडलं गेलं. थोडक्यात, हा मुलगा राज्यात सगळ्यांना माहीत होता आणि तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जाईल असंच कोणालाही वाटलं असतं.

तो गेला मिशिगनला.

हे किती मोठं आहे ते कळायला त्या दोन राज्यांचं वैर माहीत हवं. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन यांनी एकमेकांसमोर मिलिशिया उभ्या केल्या होत्या. लढाई अशी फारशी झाली नाही, पण राग राहिला. नंतर तो राग फुटबॉलच्या मैदानावर उतरला आणि आजही दरवर्षी नोव्हेंबरअखेर तिथे भेटतो. मिशिगनला एमएस करायला गेलेला एखादा मित्र तुमचाही असेल. त्याला ओहायो स्टेटचं नाव काढून बघा. तर ओहायोतला सर्वोत्तम शाळकरी खेळाडू उठून अ‍ॅन आर्बरला गेला. त्याच्या आधी क्लीव्हलंडचा डेस्मंड हॉवर्ड असाच गेला होता आणि १९९१ मध्ये मिशिगनसाठी हाइझमन ट्रॉफी जिंकला होता, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नव्हती.

१९९५ साली मिशिगनमध्ये सगळंच तात्पुरतं होतं. मुख्य कोच गॅरी मोलर यांना मे महिन्यात पद सोडावं लागलं आणि लॉइड कार यांना हंगामी कोच नेमलं गेलं. शाळेतला रनिंग बॅक मिशिगनमध्ये बचावात कॉर्नरला उभा राहिला. पहिल्या सामन्यात तो सुरुवातीच्या अकरात नव्हता. दुसऱ्या सामन्यात आला आणि मग कॉलेज सोडेपर्यंत ती जागा त्याचीच राहिली. वय १८.

त्या वर्षी त्याने पाच इंटरसेप्शन केले, म्हणजे समोरच्याचा फेकलेला बॉल पाच वेळा स्वतः पकडला. त्यातले दोन ओहायो स्टेटविरुद्ध. २५ नोव्हेंबर १९९५ चा तो सामना. ओहायो स्टेट अजिंक्य होतं, देशात दुसऱ्या क्रमांकावर. त्यांचा रिसीव्हर टेरी ग्लेन सामन्याआधी मिशिगनला कस्पटासमान लेखणारं काहीतरी बोलून गेला. मिशिगनने ३१-२३ असा सामना जिंकला. मथळे टिम बियाकाबुटुकाला मिळाले, आणि मिळायलाच हवेत, कारण तो ३१३ यार्ड पळाला होता. पण ओहायोच्या पोराने ओहायो स्टेटचे दोन पास पळवले, हे फ्रीमाँटमध्ये कोणत्या तोंडाने साजरं केलं असेल, मला फार कुतूहल आहे. बिग टेन कॉन्फरन्सचा सर्वोत्तम फ्रेशमन तोच ठरला. कार यांची नेमणूकही तोपर्यंत कायम झाली होती.

१९९६ बद्दल थोडक्यात सांगतो. टीमचं वर्ष मध्यम, आठ विजय, चार पराभव. वुडसनचे पुन्हा पाच इंटरसेप्शन आणि असोसिएटेड प्रेसच्या ऑल-अमेरिकन संघात जागा. महत्त्वाची गोष्ट वेगळीच: कोचेस त्याला अधूनमधून आक्रमणातही वापरू लागले. दोन-चार प्ले रिसीव्हर म्हणून, मग परत बचावात.

इथे जरा मागे जाऊ या. हाइझमन ट्रॉफी १९३५ पासून दिली जाते, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला. सुरुवातीच्या काळात 'बचावपटू' असा वेगळा प्राणीच नव्हता. तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. पहिला विजेता जे बरवँगर असाच दोन्हीकडे खेळायचा. नंतर बदली खेळाडूंचे नियम सैल झाले, १९५३ मध्ये पुन्हा आवळले, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून कायमचे मोकळे झाले. तेव्हापासून आक्रमणाचे वेगळे अकरा आणि बचावाचे वेगळे अकरा. या विभागणीनंतर ट्रॉफी जवळजवळ पूर्णपणे क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक यांची झाली. कारण सोपं आहे. यार्ड मोजता येतात. १९८० मध्ये पिट्सबर्गचा ह्यू ग्रीन, बचावातला एंड, दुसरा आला. निव्वळ बचावपटूसाठी तेच छत मानलं जायचं.

आणि १९९७ मध्ये तर निकाल आधीच लागल्यासारखा होता. टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग प्रोफेशनल व्हायचं सोडून शेवटच्या वर्षासाठी कॉलेजात थांबला होता. त्या हंगामात त्याने ३,८१९ यार्डांचे पास फेकले, ३६ टचडाउन. आकडा असा की मतदाराला डोकं चालवायलाच नको.

वुडसनकडे असा एक आकडा नव्हता. त्याच्याकडे काही प्रसंग होते.

पहिला, २५ ऑक्टोबर १९९७, ईस्ट लॅन्सिंगमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध. क्वार्टरबॅक टॉड शुल्ट्झ दबावाखाली होता. त्याने शहाण्यासारखं ठरवलं की बॉल सरळ मैदानाबाहेर भिरकावून द्यावा. कोणालाच मिळणार नाही असा. वुडसन कडेवर होता. तो उडाला, उजवा हात पूर्ण ताणला, एका हाताने बॉल हवेत थांबवला आणि खाली येताना पाय रेषेच्या आत टेकवला. कॉलेजच्या नियमात एक पाय आत पडला तरी चालतो, प्रोफेशनलमध्ये दोन लागतात. व्हिडिओ शोधून बघा, मी काय वर्णन करणार. एवढंच सांगतो की त्या क्वार्टरबॅकची चूक काय झाली हे सांगता येत नाही. त्याने बॉल फेकून दिला होता. मिशिगन २३-७ ने जिंकलं.

दुसरा प्रसंग २२ नोव्हेंबरचा, अ‍ॅन आर्बरमध्ये पुन्हा ओहायो स्टेट. मिशिगन अजिंक्य आणि देशात पहिलं. या सामन्यात मिशिगनने तीन टचडाउन केले आणि ते कसे झाले ते बघण्यासारखं आहे. आधी वुडसनला रिसीव्हर म्हणून पाठवलं, त्याने ब्रायन ग्रीसीचा ३७ यार्डांचा पास पकडला आणि त्यातून पहिला टचडाउन झाला. मग ओहायो स्टेटने पंट मारला, म्हणजे बॉल लांब लाथाडून दिला. वुडसनने तो झेलला आणि ७८ यार्ड पळत जाऊन थेट टचडाउन. तिसरा आंद्रे वेदर्सचा, त्याने इंटरसेप्शन करून बॉल परत नेला. हा वेदर्स म्हणजे दुसऱ्या बाजूचा कॉर्नरबॅक. वुडसनची बाजू टाळायची तर बॉल दुसरीकडे फेकावा लागतो, आणि तिथे हा उभा असायचा. शिवाय वुडसनने एंड झोनमध्ये एक पास स्वतः पळवला. ओहायो स्टेटने नंतर जोर लावला, डेव्हिड बोस्टनने ५६ यार्डांचा पास टचडाउनमध्ये नेला, पण २०-१४ वर सामना संपला.

१३ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये नाव जाहीर झालं: वुडसन १,८१५ गुण, मॅनिंग १,५४३. पहिल्या पसंतीची मतं ४३३ विरुद्ध २८१. तिसरा रायन लीफ, चौथा रँडी मॉस. मुख्यतः बचावात खेळणाऱ्याला हाइझमन मिळण्याची ही पहिली वेळ. टेनेसीत लोक भडकले. आजही तिथे हा विषय काढू नये म्हणतात.

टेनेसीवाल्यांचा आक्षेप मात्र अगदीच टाकाऊ नाही, आणि माझं मत इथे थोडं अडचणीचं आहे. त्यांचं म्हणणं असं की वुडसनला बक्षीस पंट रिटर्न आणि दहा-बारा झेलांमुळे मिळालं. मला वाटतं ते खरं आहे. हंगामात सात इंटरसेप्शन उत्तमच, पण नुसत्या तेवढ्यावर तो ह्यू ग्रीनसारखा दुसरा आला असता. मतदारांना तो दिसला, कारण तो त्यांच्या ओळखीच्या कामात दिसला: बॉल घेऊन पळताना. फक्त त्यावरून मॅनिंगवर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. मिशिगनच्या बचावाने त्या वर्षी सामन्यामागे दहापेक्षा कमी गुण दिले. मैदानाची एक अख्खी बाजू बंद असणं याचा त्यात मोठा वाटा होता. त्या कामाला यार्डाचं माप नाही एवढंच.

एक गोष्ट जाता जाता. या तीन वर्षांत त्याला पगार शून्य. स्कॉलरशिप होती, पण स्टेडियममध्ये लाखावर प्रेक्षक, टीव्हीचे हक्क, जाहिराती, यातला एक डॉलर खेळाडूला घेता येत नव्हता. स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची परवानगी कॉलेज खेळाडूंना मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. कॉर्नरबॅकचा गुडघा एका चुकीच्या वळणावर जातो. तिसऱ्या वर्षानंतर त्याने कॉलेज सोडलं, यात मला तरी घाई दिसत नाही.

शेवटचा सामना १ जानेवारी १९९८, पासाडिनाचा रोझ बोल, समोर वॉशिंग्टन स्टेट आणि हाइझमनमधला तिसरा रायन लीफ. वॉशिंग्टन स्टेट ७-० ने पुढे होतं आणि पुन्हा टचडाउनच्या दारात. लीफने एंड झोनमध्ये पास टाकला, वुडसनने तो पळवला. हंगामातला आठवा. त्यानंतर ग्रीसीने टाय स्ट्रीट्सला ५३ यार्डांचा पास देऊन बरोबरी साधली आणि मिशिगन २१-१६ ने जिंकलं. बारा सामने, बारा विजय. असोसिएटेड प्रेसने मिशिगनला राष्ट्रीय विजेता ठरवलं, १९४८ नंतर पहिल्यांदा. पण कोचेसच्या मतदानात विजेतेपद नेब्रास्काला गेलं, कारण दुसऱ्याच दिवशी ऑरेंज बोलमध्ये नेब्रास्काने समोरच्या टीमला ४२-१७ असं धुतलं होतं. ती समोरची टीम टेनेसी. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, त्याचा कॉलेजमधला शेवटचा सामना.

एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा, वुडसन चौथा, ओकलंड रेडर्सकडे. लीफची कारकीर्द काही वर्षांत आटोपली. उरलेले दोघं २०२१ मध्ये एकाच वेळी ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि वुडसनला तिथे मंचावर सादर केलं ते त्याच्या आईने.

रेडर्स आणि ग्रीन बेची गोष्ट मोठी आहे, ती पुढच्या भागात.