मोठ्यांची बेरीज, मुलांची बेरीज

गेल्या महिन्यात एका शनिवारी ताईकडे गेलो होतो. भावजींची नोकरी जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. (आमच्या आयटीवाल्यांना यात नवीन काही नाही म्हणा. दर तिमाहीला कुणाची ना कुणाची 'आज माझा शेवटचा दिवस' अशी मेल येतेच.) स्वयंपाकघरात आमची तिघांची कुजबुज चालली होती. बेत असा होता, की पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्यात बँकेचा हप्ता निघेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला भावजींच्या आईवडिलांकडे राहायला जायचं. भाचीचं नाव तिकडच्या शाळेत घालायचं. ती सातवीत आहे.

"मुलांचं काय, पटकन रुळतात ती," भावजी म्हणाले.

तेवढ्यात भाची पाणी प्यायला आत आली आणि आम्ही तिघेही एकदम पावसाबद्दल बोलायला लागलो. तिने पाणी प्यायलं, आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली.

ते पाहणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. २००९ साली मीही सातवीतच होतो. मंदीत बाबांची कंपनी बंद पडली. मला कुणी काही सांगितलं नाही. बाबा दिवसा घरी दिसायला लागले, मी खोलीत गेलो की बोलणं थांबायचं, आणि आई उगाचच भांडी जोरात आपटायची. त्याच आठवड्यात मी गिअरच्या सायकलीसाठी हट्ट धरला होता. माझ्या बाराव्या वर्षीच्या बुद्धीने सरळ निष्कर्ष काढला, की हे सगळं सायकलीमुळे झालंय. पुढचं वर्षभर मी काही म्हणजे काही मागितलं नाही. घरच्यांना वाटलं, पोरगं किती समजूतदार झालं!

असो. त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. प्रश्न साधा होता: घरावर संकट आलं की बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं नेमकं काय होतं? आणि हे कुणी कधी मोजलंय का?

तर मंडळी, मोजलंय. आणि त्या मोजण्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

सुरुवात १९६७ साली होते. सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा डॉक्टरांनी आयुष्यातल्या उलथापालथींची एक यादी छापली. एकूण ४३ घटना, प्रत्येकीला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, नोकरी जाणं ४७, राहतं घर बदलणं २०, शाळा बदलणं २०. ख्रिसमसलासुद्धा १२ गुण आहेत! वर्षभरातल्या घटनांची बेरीज करायची. जितकी जास्त, तितका आजारी पडण्याचा धोका अधिक.

माझ्यासारख्या माणसाला ही यादी बघताक्षणी आवडली. वजनं आहेत, बेरीज आहे, आणखी काय हवं? दोन ओळींचा प्रोग्रॅम. मी लगेच भाचीचा हिशोब मांडला. भावजींची नोकरी, घर, शाळा... आकडा काही फार भयंकर येत नव्हता. पण मग पुढचं वाचलं. १९७० साली राहे यांनी अमेरिकन नौदलाच्या सुमारे अडीच हजार खलाशांवर ही यादी तपासून पाहिली. बेरीज आणि आजारपण यांचा संबंध निघाला, पण सहसंबंध जेमतेम ०.११८. म्हणजे संबंध आहे, पण एवढा क्षीण, की एखाद्या एका माणसाबद्दल त्यावरून फारसं काही सांगता येणार नाही. माझा प्रोग्रॅम तिथेच बारगळला.

दरम्यान १९७२ मध्ये डीन कॉडिंग्टन यांनी मुलांसाठी अशाच याद्या तयार केल्या, वयोगटाप्रमाणे वेगवेगळ्या. इथे एक गोम होती. कुठल्या घटनेला किती वजन द्यायचं, हे ठरवलं शिक्षकांनी, बालरोगतज्ज्ञांनी आणि मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या लोकांनी. मंडळी अनुभवी, हेतू उत्तम. पण सगळे मोठे! ज्यांच्यासाठी यादी केली, त्यांना विचारलंच नव्हतं. (वापरणाऱ्याला न विचारता सॉफ्टवेअर बनवायची आमची परंपरा किती जुनी आहे बघा.)

१९७९ साली काओरू यामामोटो या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने अखेर मुलांनाच विचारलं. चौथी ते सहावीतली मुलं, वीस घटना, प्रत्येकीला एक ते सात गुण द्यायचे. आई किंवा वडील जाणं सर्वांत वर, हे अपेक्षितच. पण त्याच्या अगदी जवळ काय होतं माहितेय? आंधळं होणं, त्याच वर्गात पुन्हा बसावं लागणं, भर वर्गात चड्डी ओली होणं आणि आईबाबांची भांडणं. खोटं बोलल्याचा संशय येणं हेही बरंच वर होतं. आणि घरात नवीन भावंड येणं, ज्याची मोठ्यांना फार काळजी असते, ते मुलांच्या यादीत सर्वांत खाली! पुढे यामामोटोंनी सहकाऱ्यांबरोबर जपान, इजिप्त, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांतल्या मुलांना हेच विचारलं, तेव्हाही क्रम थक्क व्हावं इतका सारखा निघाला.

म्हणजे मोठी माणसं घटना मोजतात. मुलं मोजतात ती चारचौघांत झालेली फजिती, आपल्यावर उडालेला विश्वास आणि आईबाबांमधला ताण. दोन्ही बेरजा वेगळ्या.

पण मला खरा प्रश्न होता तो पैशाचा. बापाची कमाई थांबली तर मुलापर्यंत काय पोचतं? याचं सर्वांत चांगलं उत्तर सापडतं एका जुन्या कपाटात. अक्षरशः.

१९३२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात, बर्कली विद्यापीठाच्या बालकल्याण संस्थेने शाळकरी मुलांचा एक अभ्यास सुरू केला. मुलं १९२०-२१ मध्ये जन्मलेली, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांची. अभ्यासाचा विषय होता वयात येताना होणारी शरीराची आणि मनाची वाढ. मंदीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण बाहेर महामंदी चालू होती. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार झाला होता. या मुलांच्या घरात ते सगळं घडत होतं, आणि संशोधक आपले मुलाखती, निरीक्षणं, आयांचं म्हणणं असं सगळं इमाने इतबारे नोंदवत होते.

तीस वर्षांनी, १९६२ साली ग्लेन एल्डर नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ बर्कलीत आला आणि त्याच्या हाती ही दप्तरं लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी भलत्याच कामासाठी लिहून ठेवलेले लॉग होते, आणि एल्डरने त्यात जाऊन वेगळाच बग शोधला. १९२९ ते १९३३ या काळात ज्या घरांचं उत्पन्न ३५ टक्क्यांहून जास्त घसरलं, ती एका बाजूला. ज्यांचं तेवढं घसरलं नाही, ती दुसऱ्या बाजूला. या १६७ मुलांच्या पुढच्या आयुष्याचा माग काढत त्याने १९७४ मध्ये 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन' हे पुस्तक लिहिलं.

एल्डरला काय दिसलं? पैसा गेला की घराचं यंत्रच बदलतं. वडिलांचा घरातला वट कमी होतो, आईचा वाढतो. मुलं घरच्या कामाला लागतात. मुलगे पेपर टाकायला, दुकानात मदतीला जायचे. मुलींवर स्वयंपाकपाणी आणि धाकटी भावंडं यायची. घरातले ताण त्या मुलांना जाणवत होतेच. पण आश्चर्य म्हणजे मोठेपणी यातली बरीचशी मुलं ठीकठाक निघाली. मध्यमवर्गातली पोळलेली मुलं तर न पोळलेल्यांच्या बरोबरीने उभी राहिली, काही बाबतीत पुढेही गेली. घराला आपली खरोखर गरज आहे, हे त्यांना कळलं होतं.

इथे 'बघा, कष्टाने माणूस घडतो' असं म्हणून टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा. बर्कलीतच दुसरा एक अभ्यास चालू होता, १९२८-२९ मध्ये जन्मलेल्या मुलांचा. मंदी आली तेव्हा ही अगदी तान्ही किंवा चिमुरडी होती, आणि त्यांचं सगळं बालपण त्या ओढाताणीत गेलं. त्यातल्या पोळलेल्या घरच्या मुलग्यांचं चित्र फार वेगळं होतं: आत्मविश्वास कमी, आकांक्षा कमी. मंदी तीच, गाव शेजारचं, फरक वयाचा. शिवाय ओकलंडच्या मुलांना पुढे सैन्यातली भरती आणि १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना मिळालेली शिक्षणाची सवलत यांचाही हात मिळाला. तेव्हा मंदीचे आभार मानायचं काही कारण नाही.

मग पैसा जाण्याचा त्रास मुलापर्यंत पोचतो कुठल्या वाटेने? हे १९८९ मध्ये आणखी स्पष्ट झालं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यात जमिनीचे भाव कोसळले, शेतकरी कर्जात बुडाले. (आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.) तिथे रँड काँगर आणि हेच एल्डर यांनी ४५१ कुटुंबं निवडली. अट अशी, की घरात सातवीतलं एक मूल हवं. हो, सातवीतलंच! घरी जाऊन त्यांनी कुटुंबाच्या गप्पांचं, वादांचं व्हिडिओ चित्रीकरणसुद्धा केलं. निघालेली साखळी अशी: पैशाची तंगी, त्यातून आईबापांचं खचणं, त्यातून दोघांची आपसात चिडचिड, त्यातून मुलावर खेकसणं किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष, आणि मग मुलाचं कोमेजणं. तंगी मुलापर्यंत येते ती बहुतेक या वळणावळणाच्या वाटेने. याचाच अर्थ, मधली एखादी कडी सोडवता आली तर सगळी साखळी तशीच्या तशी पुढे जात नाही.

शेवटचा अभ्यास मिलवॉकी शहरातला, रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांचा. १९७४ मध्ये सहावीत असलेल्या मुलांकडे त्यांनी दहावीपर्यंत लक्ष ठेवलं. काही मुलं सातवीत मोठ्या, अनोळखी शाळेत जायची, काही आठवीपर्यंत जुन्याच शाळेत राहायची. १९८७ मध्ये सिमन्स आणि सहकाऱ्यांनी पाच बदल एकत्र मोजले: शाळा बदलणं, वयात येणं, लवकर सुरू झालेल्या मुलामुलींच्या भेटीगाठी, घर बदलणं आणि कुटुंबातली मोठी उलथापालथ. एकाच वेळी जितके जास्त बदल, तितकी गुणांची घसरण, खेळ-स्पर्धांतून अंग काढून घेणं, आणि मुलींमध्ये स्वतःबद्दलचं मत खाली जाणं. सिमन्सबाईंचं म्हणणं असं, की मुलाला एक तरी उसंतीचा कोपरा लागतो. सगळीकडे उलथापालथ चालली असेल, तर जिथे जाऊन टेकता येईल अशी एखादी जागा तशीच राहायला हवी. घर, नाहीतर शाळा, नाहीतर मैत्रिणी. काहीतरी एक.

हे वाचलं आणि रात्री दीड वाजता भाचीचा हिशोब पुन्हा मांडला. या वेळी गुण नाही दिले, फक्त काय काय हलणार ते लिहिलं. घर जाणार. शाळा जाणार. तिची कबड्डीची टीम जाणार. ती वयात येतेय, तेही आत्ताच. आणि आईबाबांमधलं बोलणं तर केव्हाच बंद दाराआड गेलेलं. 'काय राहणार' या रकान्यात लिहायला मला काही सुचेना.

रविवारी सकाळी पुन्हा ताईकडे गेलो. आधी जरा वाजलं. "तू दोन लेख वाचून आम्हाला शिकवू नकोस," हेही ऐकून घेतलं (बरोबरच होतं तिचं). हप्ते माझ्या पगारातून जात नाहीत, हेही खरंच. मी एवढंच म्हटलं, की जायचं तर एप्रिलमध्ये, वर्ष संपल्यावर जाता येईल का बघा. तोवरचं काही मी बघतो. आणि तिला आज सांगा. भावजी बराच वेळ गप्प होते. "सांगायचं म्हणजे... काय सांगू रे तिला?" त्यांनी विचारलं. पंधरा वर्षं टीम सांभाळलेला माणूस. त्यांचा आवाज ऐकून मला एकदम माझे बाबा आठवले. त्यांनाही बहुतेक हेच सुचलं नसेल.

शेवटी त्यांनी तिला हाक मारली आणि सरळ सांगितलं. नोकरी गेली आहे, दुसरी शोधतोय, थोडे दिवस काटकसर करावी लागेल, कदाचित सांगलीला जावं लागेल.

भाचीने ऐकून घेतलं. मग आईकडे बघत विचारलं, "म्हणजे तुम्ही वेगळे नाही होणार?"

तीन आठवडे ती पोर मनात हे घेऊन फिरत होती. आम्ही तिघांनी मिळून केलेल्या कुठल्याही बेरजेत हा आकडा नव्हता.

तूर्तास ठरलंय ते असं: एप्रिलपर्यंत पुणं, पुढचं पुढे. दूध, पेपर आणि वाण्याचा हिशोब भाचीकडे आलाय. परवा तिचा मला फोन आला होता. "मामा, बाबा दर दोन दिवसांनी बाकरवडी आणतात. काटकसर म्हणाले ना? त्यांना जरा सांग."

मी सांगितलं. भावजी फोनवर चक्क हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

तुमच्या घरी असं काही चालू असेल, आणि सातवी-आठवीतलं पोर उगाचच 'समजूतदार' झालं असेल, तर या शनिवार-रविवारी एकदा त्याच्यापाशी बसा. त्याच्या मनात काय आहे ते विचारा.