मार्कंडा (मार्कंडादेव)

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मध्ययुगीन शैव मंदिरसमूह. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा होईपर्यंत हे स्थळ चंद्रपुरात होते. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते, म्हणून हे तीर्थ मानले जाते. विदर्भाची काशी असा त्याचा लौकिक आहे.

अलेक्झांडर कनिंगहॅमने 1870 च्या दशकात येथील शिल्पांची तपशीलवार नोंद केली. त्याने मंदिरे दहाव्या-अकराव्या शतकांतील मानली व त्यांची तुलना खजुराहोशी केली. परकोटाच्या आत पूर्वी सुमारे 24 मंदिरे होती. आज बरीच पडझड झाली आहे. मार्कंडेय ऋषींचे नाव लाभलेले मुख्य शिवमंदिर नागर शैलीचे असून अर्धमंडप, मंडप, अंतराळ व गर्भगृह अशी त्याची रचना आहे. समूहाचे खरे वैभव या मंदिराच्या बाह्यभिंतींवर दिसते. शिव-पार्वतीची विविध रूपे, सुरसुंदरी, व्याल व मिथुने यांचे थरावर थर कोनाकोनांतून वळत जातात. भिंतीचा क्वचितच एखादा भाग कोरा राहिला आहे. विदर्भात एवढी दाट आणि इतकी सफाईदार मूर्तिकला अन्यत्र अभावानेच आढळेल. पुढे वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला. चांद्याच्या गोंड राजाने दुरुस्ती करवली. समूहात यम आणि दशावतार यांचीही मंदिरे आहेत.

महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. समूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून मुख्य मंदिराचा जीर्णोद्धार वर्षानुवर्षे रेंगाळला. तो त्वरेने पुरा व्हायला हवा.