तीन जबाबदाऱ्या: बातमीवर बोलण्याची आपली परंपरा

राजकारण, उद्योगधंदे, नवे तंत्रज्ञान यांवर आज आपली पोरं रोज बोलतात. कुणी म्हणतं, मोबाईल आला म्हणून बहुजनांना तोंड फुटलं. हे साफ खोटं आहे. चालू घडामोडींवर लिहिण्याची आपली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा एक मोठा धागा आपल्याच रायगड जिल्ह्यातून, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातून, जातो. प्रश्न इतकाच की त्या परंपरेतलं आपण काय उचललं आणि काय सोडलं?

महाडजवळच्या रावढूळचे गोपाळ बाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि ‘दीनबंधू’, ‘सुधारक’ या पत्रांत अस्पृश्यतेवर लिहू लागले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ काढलं. १९०८ मध्ये पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केलं. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ आला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने मात्र पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. बातमी त्यांची, तिच्यावरचं मत त्यांचं आणि आमच्या पत्राच्या जाहिरातीलासुद्धा जागा नाही, अशी ती पत्रकारिता होती.

यानंतर आलं महाड. १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवसांत परिषद झाली, चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. लगेच गावात अफवा उठवली गेली की, ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत.’ त्या अफवेवर जमाव गोळा झाला आणि परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. खोट्या बातमीने डोकी फुटतात हे आपल्याला आजच्या फॉरवर्डने शिकवलेलं नाही. महाडने शिकवलेलं आहे.

बाबासाहेबांनी उलट हल्ला होऊ दिला नाही. पोलिसांत तक्रार झाली आणि पंधरा दिवसांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’ ही त्यातल्या सदरांची नावं. पदरी पैसा नव्हता, लेखक नव्हते. रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. त्यांनी काय लिहिलं ते नीट पाहा. महाडच्या धर्मसंगरावरच्या अग्रलेखांत त्यांनी जबाबदारी तीन ठिकाणी मांडली: वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी, इंग्रज सरकारची जबाबदारी आणि अस्पृश्य वर्गाची जबाबदारी. मार खाल्लेल्या समाजाचा संपादक मार देणाऱ्याला जाब विचारतो, सरकारला जाब विचारतो आणि मग आपल्या माणसांकडे वळून विचारतो की आता तुम्ही काय करणार? त्या तिसऱ्या प्रश्नात आंबेडकरी पत्रकारिता आहे.

उद्योग आणि यंत्र यांबद्दलही त्यांची नजर तशीच होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत आणि मजुरी तर तिथेच जास्त होती. कारण काय दिलं जाई? धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागतं, म्हणून विटाळ! वाफेचं यंत्र आलं, पण त्याच्यासोबत जात गेली नाही. ती धोट्यावर जाऊन बसली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात हा अन्याय दूर करण्याची मागणीही घ्या, असा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपाशी आग्रह धरला. तरी ते यंत्राचे वैरी झाले नाहीत. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाचा यंत्रविरोध खोडून काढला: दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजव्यवस्थेत चालतं तिचा आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोतीविरोधी विधेयक मांडलं, तेही कोकणातला राबणारा कूळ डोळ्यांसमोर ठेवून.

आता बेलपाड्याकडे या. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. हा लढा आपलाही आहे. पण बाबासाहेबांच्या नजरेने एक प्रश्न विचारायचाच: सातबाऱ्यावर ज्याचं नाव होतं त्याला भूखंड, ज्याचं नाव कधी लागूच दिलं गेलं नाही, त्या शेतमजुराला काय?

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी मेट्रो सुरू झाली. बेलापूर ते पेंधर, अकरा स्थानकं, त्यात एक बेलपाडा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यात अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के, सिडकोचा २६. या बातम्यांवर आपण भरपूर बोललो. कुणी विकास म्हणून टाळ्या वाजवल्या, कुणी शिव्या घातल्या. दोन्हींचं आयुष्य एका दिवसाचं.

तरुणांनो, हीच बातमी तीन जबाबदाऱ्यांच्या चाळणीतून काढून पाहा. कंपनीची जबाबदारी: सफाई, सामान वाहणं, सुरक्षा ही कामं कंत्राटावर कुणाला आणि किती पगारावर मिळतात? वरच्या खुर्च्यांवर कोण बसतं? सरकारची जबाबदारी: आरक्षणाचा कायदा खासगी कंत्राटदाराच्या भरतीला लागू होत नाही, मग सार्वजनिक जमिनीवरचा प्रकल्प खासगी हाती देताना घटनेतला प्रतिनिधित्वाचा हक्क वाटेत कुठे गळतो? आणि आपली जबाबदारी: माहितीच्या अधिकारात आपण किती अर्ज टाकले? वस्तीतल्या किती पोरांना तांत्रिक प्रशिक्षणापर्यंत नेलं? किती कंत्राटी कामगारांची संघटना बांधली?

पहिल्या दोन प्रश्नांवर आपण रात्र रात्र वाद घालतो. तिसरा आला की मोबाईल खिशात जातो. ज्या माणसाला एका रात्रीत आपला संताप कागदावर ओतता आला असता, त्याने तळ्याचा खटला दहा वर्षं चालवला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. तिकडे खटला चालू असताना इकडे लेखणीही थांबली नव्हती. बोलणं आणि करणं ही दोन वेगळी खाती त्यांनी कधी मानली नाहीत.

म्हणून बोला, जरूर बोला. पण पुढच्या बातमीवर चार ओळी लिहाल तेव्हा पाचवी ओळ ‘मी यातलं काय करणार’ ही असू द्या; आणि ती लिहिता येत नसेल, तर आधीच्या चार पुन्हा तपासा.

जय भीम!